वाटेवरचे दरवाजे : नाणेघाट, आर्वी, खोडद

आर्वीची थाळी किती मोठी असावी, हे आर्वीत ठरलं नव्हतं. दिल्लीतही ठरलं नव्हतं. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या या गावात 1971 मध्ये भारताचं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. तिथली थाळी व्यासानं तीस मीटरच्या जवळपास होती, आणि या मापामागे 'इंटेलसॅट' या आंतरराष्ट्रीय संघटनेची एक अट होती. हिंदी महासागरावरच्या उपग्रहाशी ज्याला बोलायचं आहे, त्याच्या केंद्राला आधी एका कसोटीवर उतरावं लागे. अँटेना आलेला क्षीण संदेश किती वाढवतो आणि केंद्राची यंत्रणा स्वतःचा गोंगाट त्यात किती मिसळते, याचं ते गुणोत्तर. 'स्टँडर्ड ए' या वर्गासाठी ते किमान 40.7 डेसिबल प्रति केल्विन हवं. त्या काळच्या साधनांनी हा आकडा गाठायचा म्हटला की थाळी तीस मीटरच्या घरात जाई. त्या वर्षांत जगभर उभ्या राहिलेल्या अशा केंद्रांच्या थाळ्या साधारण एकाच मापाच्या दिसतात, त्या यामुळे.

दोन संस्थांच्या संगणकप्रणाली 'गेटवे'मार्फत जोडणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. त्यांचा निम्मा वेळ तारा किंवा प्रोग्रॅम यांत जातच नाही. पलीकडच्या सेवेचा पत्ता काय, आपली ओळख कोणत्या प्रमाणपत्रानं पटवायची, विनंती कोणत्या साच्यात पाठवायची, उत्तराची वाट किती सेकंद पाहायची, निरोप पोचल्याची पावती कोणी द्यायची, या वाटाघाटींत तो जातो. वेब सर्व्हिसची जोडणी म्हणजे मुख्यतः हा करारनामा. जुन्नर आणि आंबेगावच्या पट्ट्यात असे करारनामे दोन हजार वर्षं होत आले आहेत. माल बदलला, वाट बदलली. दरवाजावर विचारले जाणारे प्रश्न मात्र फारसे बदलले नाहीत.

सुरुवात अर्थातच नाणेघाटापासून. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल मुरबाडकडून वैशाखऱ्याला येई, घाट चढून घाटघरच्या माथ्यावर पोचे आणि जुन्नरवरून पुढे पैठण, तेरकडे जाई. सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या वाटा या भागात आणखीही आहेत. आंबेगाव तालुक्यातला आहुपे घाट त्यातलाच. पण जुन्नरचं नशीब उघडलं ते नाणेघाटानं. वाटेवर डोळा ठेवायला शेजारी जीवधन, मागे चावंड आणि हडसर, आणि जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. एवढा बंदोबस्त कोणी हौसेखातर करत नाही.

घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला. तो आधुनिक अभ्यासकांपुढे प्रथम आणला कर्नल साइक्सनं, आणि त्यातल्या अंकचिन्हांचा उलगडा करण्यात मोठा वाटा पंडित भगवानलाल इंद्रजींचा. लेखात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे : 1,700 गाई, 10 हत्ती, 24,400 कार्षापण असे आकडे. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. तरीही अंकलेखनाच्या इतिहासात या भिंतीला मोठा मान आहे. लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव होतं : सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिर आणि इतर. प्रतिमा गेल्या, नावं उरली.

बाहेर माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असं तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. मात्र भल्यामोठ्या त्या लेखात जकातीचं अवाक्षर नाही. घाटावर जकात घेतली जात असणार हे तर्कानं पटतं, रांजणाची गोष्ट मात्र ऐकून सोडून द्यावी. लेख खरं तर अधिक महत्त्वाचं काही सांगतो. खालून बैल हाकत आलेल्या व्यापाऱ्याला वर पोचताच कळे की ही वाट कोणाच्या नावावर आहे, त्या घराण्याची ऐपत काय, आणि इथे तंटा झाला तर शब्द कोणाचा चालेल. दरवाजावर लावलेली ती ओळख होती.

घाट चढून जुन्नरला आलं की पैशाचा व्यवहार सुरू होई. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतल्या दानलेखांत बाजारपेठेची हजेरीच लागलेली आहे. शिवनेरीवर धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. दुसरीकडे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. व्याजातून धर्मकार्य चालायचं. तीन दाते स्वतःला यवन म्हणवतात : इरिल, चित आणि चंद. एकानं टाकी दिली, एकानं भोजनमंडप, एकानं दर्शनी भाग. मानमोडीच्या लेण्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचाही लेख आहे, सेहेचाळिसाव्या वर्षाचा. म्हणजे सातवाहनांच्या वाटेवर काही काळ क्षत्रपांचा अंमल बसला होता.

राज्य बदललं की चलनाचं काय करायचं, हा प्रश्न या दोन घराण्यांनी कसा सोडवला हे पाहण्यासारखं आहे. नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात दानाचा हिशेब देताना दर कोरून ठेवतो : एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. दोन चलनांमधलं रूपांतर दगडावर, सर्वांसमक्ष! पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला, तेव्हा नहपानाची चांदीची नाणी वितळवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्यांच्यावरच त्यानं आपला ठसा मारला. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे 1906 मध्ये तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या दोनतृतीयांशाहून अधिक नाण्यांवर नव्या ठशाखाली जुना चेहरा दिसतो. धातू तोच, वजन तेच, वरची मुद्रा नवी. जुनी प्रणाली बंद न पाडता तिच्यावर नवं आवरण चढवणारा आजचा अभियंता हेच करतो.

दरवाजा बंद झाल्याचीही नोंद आहे, आणि ती पलीकडच्या बाजूनं केलेली आहे. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे ग्रीक भाषेतलं खलाशी-व्यापाऱ्यांचं मार्गदर्शक पहिल्या शतकातलं. थोरल्या सारागनसच्या काळात कल्याण रीतसर व्यापारी बंदर होतं, असं त्यात म्हटलं आहे. पुढे ते सँडनेसच्या ताब्यात गेलं आणि तिथल्या व्यापारावर बंधनं आली. चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणला लागलंच तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. याचा फटका नाणेघाटाला बसला असणारच. घाट जागच्या जागी होता, बैल होते, जुन्नरचे व्यापारीही होते. बंदरानं जहाजाला वळवलं की माथ्यावरचा पहारा कितीही चोख असून काय उपयोग?

पंधराव्या शतकात जुन्नर बहमनींकडे होतं. त्या काळी अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. सोबत विकायला एक उमदा घोडा. दख्खनमध्ये चांगले घोडे समुद्रापलीकडून येत, तेव्हा किंमत मिळणार हे नक्की होतं. पण जुन्नरच्या असद खानानं घोडा अडकवून ठेवला. हा मुसलमान नाही, रशियन आहे, हे त्याला कळलं होतं. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही तर घोडाही जाईल आणि दंडही पडेल. चार दिवसांची मुदत. निकितिनची सुटका झाली ती मुहम्मद नावाच्या एका खुरासानी गृहस्थानं शब्द टाकला म्हणून. तो मध्ये पडला, आणि घोडा परत मिळाला. परक्या माणसाची ओळख दरवाजावर पटत नसेल, तर दरवाजाचा ज्याच्यावर भरवसा आहे अशा तिसऱ्यानं जामीन राहायचं. संगणकांच्या जगात हे काम आज प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था करतात. त्या मोहरा मात्र मागतात आधी!

मराठी अमलात घाटांवरचा व्यवहार पुरता कागदी झाला. माल भरला तिथली थळभरीत, माल फोडून विकला तिथली थळमोड, आणि वाटेवरच्या चौक्यांसाठी दस्तक. दस्तक खरं असेल तर चौकीवाल्यानं पुन्हा गोण्या उसवायच्या नाहीत, ही त्यातली सोय. हे कागद ज्यावर लिहिले जात त्यातला चांगला कागद जुन्नरचाच होता. इथल्या कागदी समाजाच्या हातचा जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरात मुबलक वापरला गेला.

एकोणिसाव्या शतकात नाणेघाट मागे पडला. बोरघाटातून आधी गाडीरस्ता निघाला, मग रेल्वे आली, आणि माल तिकडे वळला. निरोपांसाठी 1870 मध्ये मुंबई ते एडन आणि तिथून सुएझ अशी समुद्राखालची तार पडली. पुणे जिल्ह्याला निरोपांच्या व्यापारात जागा मिळाली ती 1927 मध्ये. त्या वर्षी भारत आणि ब्रिटन यांच्यातली 'बीम वायरलेस' सेवा सुरू झाली. प्रक्षेपण खडकीहून, ग्रहण दौंडला. तारेपेक्षा हा मार्ग स्वस्त पडला. पण आकाशातल्या आयनांच्या थरावर लहरी आपटून परतायच्या, म्हणून सारा कारभार त्या थराच्या लहरीवर. उपग्रहानं ती अडचण दूर केली.

आणि मग गाडी जुन्नरकडे वळली. मोठ्या थाळीला आकाशातून येणारा संदेश अत्यंत क्षीण असतो. जमिनीवरचे मायक्रोवेव्ह दुवे त्याच लहरींच्या आसपास बोलत असतात. शहराजवळ थाळी उभारणं म्हणजे ऐकू न येण्याची सोय करणं. चारी बाजूंनी डोंगरांची आड असलेला, तरी मुंबई-पुण्यापासून फार लांब नसलेला खोलगट प्रदेश हवा होता. ज्या डोंगरांतून वाट काढायला सातवाहनांना घाट बांधावा लागला, तेच डोंगर आता भिंत म्हणून उपयोगी आले.

विक्रम साराभाईंनी या कामाचा आग्रह धरला होता. अहमदाबादला 1967 पासून प्रायोगिक भूकेंद्र चालू होतं. तिथे हात बसलेले भारतीय अभियंते होते. केंद्र परदेशी कंपनीकडून तयार घेण्याऐवजी ते इथेच उभारावं, ही साराभाईंची भूमिका. 30 डिसेंबर 1971 रोजी त्यांचं निधन झालं, आणि आर्वीच्या केंद्राला विक्रम हे नाव मिळालं. चालवणारी संस्था सरकारी होती, ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस. 1986 मध्ये तिचं विदेश संचार निगम झालं.

आर्वी स्वतः कोणाला फोन लावत नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय एक्स्चेंजमधून बोलणी मायक्रोवेव्हनं आर्वीला येत, तिथे एकत्र बांधली जात आणि सहा गिगाहर्ट्‌झच्या आसपास वर पाठवली जात; वरून चार गिगाहर्ट्‌झच्या आसपास आलेली उलगडून मुंबईला जात. दोन प्रकारच्या जाळ्यांमध्ये उभा असलेला हा दुभाषा. दुभाष्याचेही नियम जगानं ठरवलेले. खंडांमधल्या सर्किटांवर त्या काळी पाचव्या क्रमांकाची संकेतपद्धत रूढ होती, आणि तिच्यात सूर ठरलेले होते. सर्किट पकडायचं तर 2400 हर्ट्‌झचा सूर लावायचा. पलीकडचं एक्स्चेंज तयार असेल तर ते 2600 हर्ट्‌झनं उत्तर देई. ते ऐकू आलं की पहिला सूर थांबायचा, आणि मगच नंबरातले आकडे. उत्तर आलंच नाही तर ठरलेल्या वेळानंतर सर्किट सोडून द्यायचं. आज एखाद्या गेटवेवर नवी जोडणी तपासताना अभियंता 'पिंग' करून उत्तराची वाट बघतो, तेव्हा याच रिवाजाची पुढची पिढी काम करत असते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही करारानं सुटणारी नव्हती. उपग्रह विषुववृत्तावर 36,000 किलोमीटर उंचीवर. बोललेला शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, त्याचं उत्तर यायला आणखी पाव. दोन माणसं एकाच वेळी बोलू लागत, दोघं थांबत, पुन्हा दोघं एकदमच सुरू होत. स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदानं कानात येऊ नये म्हणून सर्किटांवर प्रतिध्वनी दाबणारी उपकरणं बसवावी लागत. ज्यांच्या घरातलं कोणी सत्तरच्या दशकात लंडन-अमेरिकेला होतं, त्यांना तो अवघडलेला संवाद आठवत असेल. तीन मिनिटांसाठी कॉल बुक करायचा आणि त्यातलं एक मिनिट ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यात जायचं. मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवण्याची सोय 1976 मध्ये झाली. तोवर मध्ये ऑपरेटर.

पेरिप्लसमधल्या कल्याणची गत थोड्या वेगळ्या रूपात आर्वीची झाली. 1994 मध्ये 'सी-मी-वी 2' ही प्रकाशतंतूंची समुद्री केबल मुंबईला लागली, 1997 मध्ये 'फ्लॅग' आली. तंतूतून जाणाऱ्या शब्दाला पाव सेकंद थांबावं लागत नव्हतं, आणि मावणारी बोलणीही कितीतरी अधिक. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि मागणीचा कल तर आणखीच बदलला. 2002 मध्ये निगमचं नियंत्रण टाटांकडे गेलं. निरोपांचा व्यापार पुन्हा किनाऱ्यावर सरकला होता.

तोवर त्याच तालुक्यात, आर्वीपासून थोड्याच अंतरावर, एक वेगळा दरवाजा उभा राहिला होता. हा फक्त ऐकणारा. खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी : प्रत्येकी 45 मीटर व्यासाचे तीस अँटेना. त्यातले चौदा मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात, बाकीचे सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरदूरच्या गावांच्या शिवारात. टोकाच्या दोन अँटेनांत सुमारे 25 किलोमीटर अंतर. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांच्या जाळीची थाळी योजली. वजन घटलं, वारा आरपार जाऊ लागला, खर्च आवाक्यात आला. इथेही शांततेसाठीच ही जागा निवडली गेली.

तीस अँटेना म्हणजे 435 जोड्या. प्रत्येक जोडीचा संकेत एकमेकांशी ताडून पाहायचा, म्हणजे सर्वांचं घड्याळ एक हवं. प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीतून वेळेचा संकेत प्रत्येक अँटेनाकडे जातो आणि त्याच मार्गानं आकाशातून आलेला संदेश परततो. जवळच्या अँटेनाचा संदेश आधी पोचतो, त्याला काही मायक्रोसेकंद थांबवून ठेवायचं, लांबचा आला की दोघांना बरोबर सोडायचं. पृथ्वी फिरत असल्यानं हा थांबाही क्षणाक्षणाला बदलावा लागतो. पाहुणा संदेशही या यंत्रणेत सामावून जातो. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं स्कियापरेली यान मंगळाच्या वातावरणात शिरलं, तेव्हा त्याचा बारीकसा सूर खोडदला थेट ऐकू येत होता. उतरण्याच्या सुमारास तो तुटला. यान कोसळल्याचं नंतर निश्चित झालं.

वेब सर्व्हिस या शब्दाचा खराखुरा धागा जुन्नरशी जुळतो तो या दुर्बिणीच्या नोंदींत. 2002 मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी 'व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी'साठी आंतरराष्ट्रीय आघाडी केली. पुण्यातली आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी त्यात भारतातर्फे उतरली. त्यांचं 'व्हीओप्लॉट' हे साधन बाहेरही वापरलं गेलं. प्रत्येक वेधशाळेनं आपलं दफ्तर आपल्यापाशी ठेवावं, पण विचारणा आणि उत्तर सर्वांच्या एकाच साच्यात असावं, हा ठराव. सर्वांत साधी सेवा 'कोन सर्च'. तिला आकाशातल्या जागेचे दोन निर्देशांक आणि एक त्रिज्या एवढंच द्यायचं. उत्तर एक्सएमएलवर बेतलेल्या 'व्हीओटेबल' या तक्त्यात येतं, आणि त्यात ओळखक्रमांकाचा एक व निर्देशांकांचे दोन रकाने असलेच पाहिजेत. विनंती चुकली तर चूकही त्याच साच्यात कळवायची. ही शेवटची अट फार शहाणपणाची आहे. जोडण्या बिघडतात त्या बहुधा नकार कसा द्यायचा हे न ठरल्यामुळे, आणि समोरचा गप्प का आहे हे शोधण्यात आठवडे जातात.

जीएमआरटीनं 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्‌झवर उत्तर ध्रुवापासून दक्षिण गोलार्धात 53 अंशांपर्यंतचं आकाश मोजलं. पुढे नेदरलँड्समधल्या लायडनच्या हुइब इंटेमा यांनी सहकाऱ्यांसह तो साठा नव्यानं शुद्ध केला. सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी तयार झाली. आज ती चित्रं मागायची तर विनंती डच संस्थेच्या व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी सेवेकडेही पाठवता येते. वेध जुन्नर तालुक्यातले, दरवाजा हॉलंडमधला, आणि विचारणारा कुठलाही.

ऐकणाऱ्या दरवाजाची किंमत आजूबाजूच्या मुलखाला मोजावी लागते, हे इथले लोक जाणून आहेत. दुर्बिणीभोवती विद्युत गोंगाट करणाऱ्या उद्योगांवर बंधनं आहेत, मोबाइल टॉवरच्या लहरींवर चर्चा होतात. ताजं भांडण रेल्वेचं. पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेची आखणी राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी होती. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरच्या बाजारातला बटाटा थेट रुळांवर चढेल, या आशेवर दोन्ही तालुक्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. विजेवर धावणाऱ्या गाड्या दुर्बिणीच्या कानाशी नकोत, हा आक्षेप आला, आणि अलीकडे रेल्वे मंत्रालयानं पर्यायी मार्गाची भूमिका घेतली. जुन्या आखणीवरूनच, दुर्बिणीला धक्का न लावता काही तोडगा निघतो का, ही मागणी जुन्नर-आंबेगावातून अजून लावून धरली जाते आहे.